हलका हात

दादा,

तुझा शोधनिबंध वाचला. शेवटी ‘रुग्णाच्या कुटुंबाचे आभार’ मानलेत. त्या कुटुंबात तू येतोस की नाही, तेवढं लिहायचं राहिलंय. हे पत्र मी पाठवणार नाही; तू त्यातल्या चुका सुधारून परत धाडशील.

विषाणू नवीन आणि पहिली रुग्ण आपलीच आई! घरच्या माणसाचे नमुने घ्यायचे नाहीत, हा तुमचाच नियम. नातं कळलं असतं तर तुला संशोधनातून काढलं असतं. सहकाऱ्यांनी आडनावाचं विचारलं, तेव्हा म्हणे तू हसून सांगितलंस, ‘या आडनावाची छप्पन माणसं आहेत.’ रोज नखशिखांत झाकणाऱ्या त्या पांढऱ्या पोशाखात तिच्या खोलीत शिरायचास, न बोलता तिचं रक्त काढायचास आणि चालू पडायचास. काचेबाहेरून मी तुला चालीवरून ओळखलं, तर तू मास्कवर बोट ठेवलंस.

ती मात्र तुझी वाट बघत होती. “त्याला सुट्टी मिळत नसेल गं,” म्हणून माझ्याशीच भांडायची.

आता नातेवाइकांत सांगत फिरतोस, शेवटपर्यंत आईजवळ होतो म्हणून. होतास खरा! मग हेही ऐक. शेवटच्या दिवशी तू रक्ताची नळी घेऊन गेलास आणि तिने मला फोन लावला. धाप लागली होती, तरी कौतुकाने म्हणाली, “तो रक्त न्यायला येतो ना, त्या मुलाचा हात फार हलका आहे गं. त्याच्या आईने चांगलं वळण लावलंय.”

तुझी नसलेली,
धाकटी