रिव्हर्सची करकर

देवपूर, रविवार, मे १९८९

आठवडाभर रिव्हर्स टाकला की आमची जुनी गाडी करकरते. सकाळी भाऊ म्हणाला, “आबा, तुमच्या पायात जोर राहिला नाही, क्लच पुरता दबत नाही. उद्या गिऱ्हाईक येतंय, विकून टाकू.” मला गाडी शिकवणारे आबा आपल्या पायाकडे बघू लागले.

दुपारी मी एकटी जाऊन बसले. माझा पाय तर तरणा, तरी तीच करकर! मग दोष पायाचा कसा? वाकून पाहिलं. उन्हानं पत्रा तापतो म्हणून आईनं पायाखाली गोधडीची चौपदरी घडी घातलेली. क्लचचं पेडल तिच्यावरच अडत होतं. काढली, करकर थांबली. पण माझीच चूक होत असेल तर? पुन्हा घातली, करकर आली. पुन्हा काढली. आता शंका नाही.

संध्याकाळी आबांना बसवलं. आवाज न करता गाडी मागे गेली.

“मना पाय बरोबर शे ना?”

“तुमचा पाय एकदम बरोबर, आबा. घडी जाड होती.”

भाऊ ओशाळला. “गिऱ्हाइकाला काय सांगू आता?”

“सांग, गोधडी इकनी शे!” आबा म्हणाले.

गोधडी विकायची म्हटल्यावर आई रुसली. आबांनी मात्र गाडी उगाच आणखी एकदा मागे घेतली.