कायद्यात बसलेल्या छर्‍याच्या बंदुकीची फेरतपासणी

प्रति,
मा. शस्त्र तपासणी अधिकारी,
पोलीस ठाणे, ऑल्डबर्न,
हेरेफर्डशायर.

विषय : अर्जदाराची छर्‍याची बंदूक कायद्यात बसते, हा निर्णय रद्द करून तिची ताकद पुन्हा मोजण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र, ‘यापुढे भेटीची आवश्यकता नाही’.

महोदय,

१. अर्जदार विल्फ्रेड पॉकेट, वय ८१, निवृत्त सुतार, याची स्प्रिंगची जुनी बंदूक पत्नी म्युरिएल वारल्यापासून माळ्यावर पडून होती. स्प्रिंग ढिली पडली होती, दट्ट्याचा चामडी वायसर वाळून कडक झाला होता. अर्जदाराने नवी स्प्रिंग घातली, नवा वायसर कापून तेलात मुरवला. त्यामुळे बंदूक कायद्याची बारा फूट-पौंडांची मर्यादा ओलांडील, अशी भीती वाटून अर्जदाराने स्वतःहून आपणास कळवले. आपल्या कॉन्स्टेबल बेथन रज वेग मोजायचे यंत्र घेऊन आल्या. ताकद जेमतेम नऊ भरली. त्या म्हणाल्या, “मिस्टर पॉकेट, उगीच जिवाला घोर लावून घेतलात. बिनधास्त वापरा.”

२. बिनधास्त वापरण्यात अडचण आहे. अर्जदार पबच्या संघातून घंटेचा नेम मारत असे. लोखंडी पत्र्याला वाटाण्याएवढे भोक असते, मागे घंटा. पत्र्याला पांढरा रंग फासलेला असतो. नेम चुकला की रंगावर डाग पडतो, भोकातून गेला की घंटा वाजते. बाजूला जाड फळीच्या आड एक माणूस ब्रश घेऊन उभा असतो. तो ओरडून निकाल सांगतो आणि डाग पुसतो. हे काम म्युरिएल करीत असे. “विल्फ, डावीकडे गेली! चष्मा पूस आधी!” हे सगळ्या पबला ऐकू जाई. पुढे संघातली माणसे एकेक करून गेली, पबने तिथे जेवणाची टेबले मांडली, आणि पत्रा अर्जदाराच्या शेडमध्ये आला.

३. अर्जदारास आता घंटा ऐकू येत नाही. जवळ जाऊन पाहिले तर पत्रा कोरा असतो. छर्रा भोकातून गेला तरी कोरा, आणि पत्राच चुकला तरी कोरा. नेम लागला की नाही, हे सांगायला घरात कोणी नाही.

४. तपासणीच्या दिवशी अर्जदाराच्या विनंतीवरून श्रीमती रज ब्रश घेऊन फळीआड उभ्या राहिल्या. “लागली! घंटा वाजली, मिस्टर पॉकेट! हाणा अजून एक!” असे त्या इतक्या मोठ्याने ओरडल्या, की अर्जदाराला ते स्पष्ट ऐकू आले. चहा गार झाला तरी त्या थांबल्या.

५. सबब फेरतपासणीची कारणे अशी : नवी स्प्रिंग थंडीत अधिक जोर धरीत असावी. वायसरला पुन्हा तेल दिले आहे, तोही संशयास्पद आहे. शेजारी ट्रँटर कुंपणावरून म्हणाले, “अरे विल्फ, तुझ्या त्या बंदुकीनं बिस्किटसुद्धा फुटायचं नाही!” हे विधान अर्जदाराच्या विरुद्ध जाते, पण ट्रँटर यांना शस्त्रांतले काही कळत नाही. आवश्यक वाटल्यास अर्जदार आणखी जाड स्प्रिंग घालून गुन्हा करण्यासही तयार आहे. मात्र अटक शेडमध्येच व्हावी.

६. महोदय, बंदूक नऊच्या वर जाणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी रोज नेम मारतो आणि रोज कोर्‍या पत्र्यापुढे उभा राहतो. मला फार एकटे वाटते. यंत्र आणले नाही तरी चालेल.

आपला नम्र, व बहुधा घरीच असणारा,

विल्फ्रेड पॉकेट
१४ नोव्हेंबर २०१९

सोबत :
१) जुनी स्प्रिंग, तुलनेसाठी.
२) म्युरिएलचा ब्रश. (टपालाने परत पाठवू नये. कोणीतरी आणून द्यावा.)