आवडाबाईंच्या विहिरीचे दोन आलेख

दिवेआगर

प्रिय प्रांजली,

या पत्रात मला एकच विधान सिद्ध करायचे आहे: सुनावणीत जो आलेख खोटा ठरला, त्यात तुझ्या प्रोग्रामचा काहीही दोष नव्हता. तू फोन उचलत नाहीस, म्हणून युक्तिवाद लिहून मांडतो. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला दुसरे येते तरी काय?

खाडीकाठचे कोळंबीचे तलाव आणखी वाढले तर आपल्या विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहणार नाही, हे आपल्याला त्या सुनावणीत दाखवायचे होते. पाण्याच्या खारेपणाची मोजमापे मी घेतली, प्रोग्राम तू लिहिलास. तो प्रत्येक विहिरीचा आलेख काढून तिच्या क्रमांकाने एका फोल्डरमध्ये ठेवी, आणि अहवाल तिथूनच आलेख उचली. तू बजावले होतेस, "बाबा, त्या फोल्डरला हात लावायचा नाही. कुणीही प्रोग्राम चालवला तरी हाच अहवाल निघायला हवा. तुमच्यावर विश्वास ठेवायची गरजच पडता कामा नये." मला ते जरा लागले होते.

पण आपल्याकडे विहिरीला क्रमांकाने कोण ओळखते? आवडाबाईंची विहीर 'वि-७' म्हणून छापणे मला उद्धटपणाचे वाटले. त्या तर आधीच हसत होत्या, "मास्तर, बाव खारट झाली ह्ये सांगाया कॉम्प्युटर कशाला? घोटभर पिऊन बघा की!" तू पुण्याला गेल्यावर मी आलेखांच्या प्रती काढल्या, त्यांना मालकांची नावे दिली आणि अहवालाला त्याच जोडल्या. पुढे आपले मीटर खारेपणा जास्त दाखवते असे कळले, तू आकडे दुरुस्त करून प्रोग्राम पुन्हा चालवलास. नवे आलेख क्रमांकांनी निघाले. अहवालात मात्र मी नावे दिलेले जुनेच राहिले. मी तो उघडूनही पाहिला नाही.

तलाववाल्यांच्या तज्ज्ञाने सर्वांदेखत प्रोग्राम चालवला आणि आवडाबाईंच्या विहिरीचे दोन आलेख शेजारीशेजारी धरले. खारेपणा दोन्हींत वाढतच होता, पण अहवालात छापलेली रेघ बरीच वर होती. "यातला खरा कोणता?" अधिकाऱ्यांनी विचारले. मी म्हणालो, "प्रोग्राम माझ्या मुलीने लिहिला आहे." मागच्या बाकावरून तू उठून गेलीस, ते मी पाहिले. माझे वाक्य सत्य होते. त्यातून सर्वांनी काढलेला निष्कर्ष असत्य होता, आणि मी तो काढू दिला.

आता त्या प्रती पुसून तुझा प्रोग्राम जसाच्या तसा चालवला आहे. अहवाल जुळतो. पुढच्या सुनावणीत तो द्यायचा आहे, सोबत तफावतीचा खुलासा. शेजारचा कुलदीप हात जोडून म्हणतो, "मास्तर, 'तांत्रिक बिघाड' लिहा. तुम्हीच हात लावला म्हटलंत तर केस गेली आपली." तो चुकतो आहे, हे मला सिद्ध करता येत नाही. आवडाबाई हल्ली पिण्याचे पाणी लांबून आणतात. त्यांच्या दारावरून जायचे मी टाळतो. पण बिघाड म्हटले की तो तुझ्या नावावर जातो. माझ्यावर विश्वास नसला तरी अहवाल उभा राहतो, हा तुझाच सिद्धांत. तो अधिकाऱ्यांना पटला नाही, तर विहिरी माझ्यामुळे गेल्या असे होईल. तरीही खालचा मजकूर मी देणार आहे. तो तू सर्वांच्या आधी वाचावास, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझाच,
बाबा

खुलासा: अहवालातील आलेख मी हाताने बदललेल्या नावांनी जोडले, म्हणून दुरुस्तीनंतरही त्यात जुने आलेख राहिले. प्रोग्राम बरोबर होता. चूक एकट्या माझी.

— भागुराम बुधाजी तांबे