चार रबरं काढली त्याबद्दल

तीर्थरूप ताईस,

हात ग्रीसने माखलेले आहेत, म्हणून लांबूनच नमस्कार. भाऊजींचा खोकला थांबला असेल (नसेल तर त्यांना इतक्यात आमच्या शेडकडे फिरकू देऊ नकोस, इथे धूर आहे). बाबांची तब्येत उत्तम. नजर माझ्यापेक्षा चांगली. फक्त ऐकू येणं जवळजवळ बंद झालंय आणि ते कबूल करणं पूर्णच बंद आहे.

त्यांच्या जुन्या ट्रकचं इंजिन कायमचं बसलं हे तुला कळवलं होतंच. मी भंगारात निघालेल्या एका बसचं इंजिन आणलं. चांगलं होतं, पण आपल्या ट्रकमध्ये ते टेकवायचं कुठे, हा प्रश्न होता. इंजिन चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, ज्या चार लोखंडी कानांवर बसतं त्यांना माउंटिंग म्हणतात. ती नव्याने बनवणं हे दोन दिवसांचं काम आहे, असं मी तुझ्या भावजयीला सांगून बसलो. (ते वाक्य ती अजून माझ्या आवाजात म्हणून दाखवते.) मिक्सरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून माप घेतलं, शेजारच्या वेल्डरने तसे कान बनवले, साखळीच्या कप्पीला टांगलेलं इंजिन हळूहळू खाली सोडलं, तर अगदी फिट्ट. मग आठवलं की इंजिनाला पुढे पंखाही असतो. तो लावला तर थेट रेडिएटरमध्ये घुसत होता. सगळं कापून चार बोटं मागे घेतलं, तेव्हा गिअरचा दांडा चालकाच्या मांडीवर आला. वेल्डर शांत माणूस आहे. पुठ्ठ्यावर माणूस बसवून बघितला होता का, एवढंच त्याने विचारलं. तिसऱ्या खेपेला दांड्याला बाक दिला आणि जमलं.

माउंटिंगमध्ये मी नवी कोरी रबरं घातली होती, म्हणजे इंजिनाचा हादरा गाडीला लागू नये. इंजिन सुरू करून चहाची कपबशी बॉनेटवर ठेवली, तर चहावरची साय हलली नाही. मी इतका खूश झालो, की बाबांना हाताला धरून आणलं आणि सीटवर बसवलं. इंजिन चालूच होतं. बाबांनी क्लच दाबला, थोडं थांबले, आणि पुन्हा सेल्फ मारला. तो जो दात खाल्ल्याचा आवाज झाला तो गल्लीत सगळ्यांना ऐकू गेला, बाबा सोडून. मी हातवारे करून गाडी सुरू आहे असं सांगितलं. ते उतरले, छान झालंय म्हणाले, आणि घरात जाऊन किल्ली खिळ्याला अडकवली. जी गाडी सुरू आहे का बंद ते आपल्याला कळत नाही ती आपण चालवू नये, असं तुझ्या भावजयीला म्हणाले. मला वाईट वाटलं, ताई. तीन महिने मी तो ट्रक त्यांच्यासाठीच उघडून बसलो होतो.

आठ दिवस किल्ली खिळ्यावरच होती. नवव्या दिवशी मी चारही रबरं काढली आणि तिथे लोखंडाच्या चकत्या घातल्या. (वेल्डरने तीनदा विचारलं, नक्की ना.) आता सेल्फ मारला की आरसा, दारं, माझी दातांची कवळी आणि स्वयंपाकघरातली भांडी एकदम बोलायला लागतात. बाबांनी दांड्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "हां, आता आली." मैदानाला दोन चकरा मारल्या. मला शेजारी बसू दिलं नाही, मी बोलतो म्हणे.

कळावे, लोभ आहेच, हादऱ्याने अक्षर बिघडलंय ते चालवून घे.

तुझा धाकटा

ता. क. : रविवारी बसने येईन, बाबांना त्रास नको, असं तू लिहिलं होतंस. ते पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. तिकीट रद्द कर. ते तुला न्यायला येणार आहेत. स्वतः सांगणार नाहीत, पण काल ट्रक धुतला आणि शेजारची सीट दोनदा पुसली.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवण्याआधी राहवलं नाही, म्हणून रबरं काढल्याचं बाबांना पाटीवर लिहून कबूल केलं. ते हसले. जुन्या इंजिनाचंही डावीकडचं एक माउंटिंग पहिल्या वर्षीच तुटलं होतं म्हणे, थरथर त्याचीच. बदललं का नाही, असं लिहिलं, तर म्हणाले, "ताई तान्ही होती. त्या थरथरीशिवाय झोपायचीच नाही." पुढे तू मोठी झालीस, आणि त्यांना सवय राहिली.

तेव्हा चकत्या तशाच ठेवतोय. उशी घेऊन ये.