दहा ते सव्वादहा

बोडो, १४ सप्टेंबर २०२४

चि. बोर्गहिल्ड हिस, अ. उ. आ.

जूनच्या पत्राला आज उत्तर देतोय, तेव्हा आधी कान पकडतो.

कॉलेजात माझा लाकूडकामाचा अभ्यासक्रम नव्याने बांधलाय. वर्ग आता ऑनलाइन. मुलं आपापल्या घरी, कुणी लोफोटेनला, कुणी पार किर्केनेसला. लाकडाचे तुकडे त्यांना टपालाने जातात. बेत वाईट नाही, बेटांवरच्या मुलांनाही शिकायला मिळतं. पण नव्या वेळापत्रकात दहा म्हणजे दहा. एकतीस वर्षं आमचा दहाचा तास सव्वादहालाच सुरू व्हायचा. त्या पंधरा मिनिटांत मुलं बुटांवरचा बर्फ झटकत शेगडीभोवती जमायची, एकमेकांची टर उडवायची. मी रंध्याला धार लावत ऐकायचो.

आता दहाच्या ठोक्याला काळ्या चौकटी उघडतात. मी प्रश्न विचारतो आणि माझ्या भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं. चौदांतली तिघं सोडूनही गेली. विभागप्रमुख बाई म्हणाल्या, नाताळपर्यंत संख्या दहाच्या खाली गेली तर तुमच्या तासांच्या चित्रफिती करून त्याच दाखवू, तुम्ही विश्रांती घ्या. बाई मनाने चांगल्या आहेत. पण विश्रांती घेऊन मी जाऊ कुठे? घरी बोलायला तेच घड्याळ.

प्रकृतीस जप. लोभ आहेच, तो वाढव.
तुझा दादा, हालवार्ड

वेगा, २१ सप्टेंबर

ती. दादास, शि. सा. न.

तुझं पत्र आलं म्हणून टपालबोटीवरच्या रँडीने माझं अभिनंदन केलं. यावरून काय ते समज.

मेंढ्या डोंगरावरून उतरवल्या. एक अजून वरच आहे, तुझ्यासारखी हट्टी. बटाटे काढून झाले. अकरा जण समोर असताना तुला एकटं वाटतं, तर इथे येऊन राहा, मग कळेल. हा टोमणा नाही. म्हणजे, थोडा आहे.

पत्र मोठं नको दादा, वरचेवर हवं.

अशीच माया राहू दे.
तुझी बोर्गहिल्ड

बोडो, १ ऑक्टोबर

चि. बोर्गहिल्ड हिस, अ. उ. आ.

आज गाढवपणा केला. तुकड्यांची खोकी बांधता बांधता जुन्या सवयीने थेट सव्वादहाला वर्गात शिरलो. ऑनलाइन वर्गाचं दार दहाला आपोआप उघडतं, त्यामुळे मुलं पाव तास माझ्याविना बसलेली. आणि काय सांगू, सगळ्या चौकटींत चेहरे होते. किर्केनेसच्या मुलीच्या बकरीने लाकडाचा तुकडा खाल्ला, त्यावर सगळी खिदळत होती. मला पाहताच दिवा मालवावा तशी गप्प झाली. दोन चौकटी पुन्हा काळ्या.

मी माफी मागितली आणि बर्चच्या लाकडातल्या रेषा शिकवल्या. दिवसभर ते हसू कानातून जाईना.

लोभ असू दे.
दादा

वेगा, २३ नोव्हेंबर

ती. दादास, शि. सा. न.

गेले सात मंगळवार तू पत्र लिहितोस. मी मागितलं होतं, तरी आता काळजी वाटते. प्रत्येक पत्र अर्ध्या पानाचं, आणि मध्येच तुटलेलं. गेल्या खेपेला ‘हेरिंग मासे खारवताना या वेळी’ एवढ्यावर थांबलास. या वेळी काय? पत्र काल आलं, तेव्हापासून मी त्याच विचारात आहे.

रँडी विचारते, भाऊ आजारी आहे का. वर्ग गेला असेल तर लपवू नकोस. धाकटी असले तरी ऐकून घेण्याएवढी मोठी आहे.

तुझी माया आहे, ती तशीच राहो.
बोर्गहिल्ड

बोडो, २६ नोव्हेंबर, दहा वाजून एक मिनिट

चि. बोर्गहिल्ड हिस, अ. उ. आ.

आजारी नाही. वर्गही आहे, अकराच्या अकरा. त्या दिवसानंतर मी मुद्दामच सव्वादहाला आत जातो. बाईंना कारण सांगितलं, तर त्यांनी वेळापत्रकातच घातलं: शिक्षक सव्वादहाला येतील. पहिला पाव तास मुलांचा. आत काय बोलणं होतं मला ठाऊक नाही. मी शिरतो तेव्हा कुणाकुणाच्या तोंडावर थोडं हसू उरलेलं असतं, तेवढं मला दिसतं. मग प्रश्न विचारला की उत्तर येतं.

पूर्वी ही पंधरा मिनिटं माझीही होती. पहिल्या मंगळवारी हात मांडीवर ठेवून बसलो, ते काही जमेना. मग तुझं ‘वरचेवर हवं’ आठवलं आणि कागद पुढे ओढला. तूही मंगळवारी दहाला लिहायला बस ना. म्हणजे दाराबाहेर आपण दोघं असू.

हेरिंगचं सांगायचं तर या वेळी मीठ जास्त पडलं. आणि नाताळला बोटीने यावं म्हणतो. येताना तुझ्यासाठी

सव्वादहा.
दादा