बावीस किलोमीटरसाठी एक कूलर

चि. केशवराव यांस, वाडीहून गणपतदादाचे अनेक आशीर्वाद. (तू यंदा पंचावन्नचा झालास हे मला ठाऊक आहे, पण मोठ्या मावसभावाने आशीर्वाद द्यायचे आणि धाकट्याने ते मुकाट्याने घ्यायचे, त्याला वयाची अट नाही.) तुझी शुगर ताब्यात असेल, प्रेमिलाचे गुडघे तिचं ऐकत असतील आणि देवकीमावशीला ऑपरेशन झालेल्या डोळ्याने आता कॅलेंडरवरची तिथी वाचता येत असेल, अशी आशा करतो. आम्ही सर्व ठीक आहोत. ऊन असं आहे की दुपारी नळाखाली चहापत्ती धरली तर चहा होईल. पत्र काहून लिहितो म्हणशील, तर आमच्या घरात फोनवर बोललेलं सगळं आईला ऐकू जातं. (एरवी तिला कुकरच्या तीन शिट्ट्या ऐकू येत नाहीत.) म्हणून कागदावर लिहितो आहे, चारुशीला त्याचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर टाकेल. वाचताना मोठ्याने वाचू नकोस.

मी पिकअप घेतली हे तुझ्या कानावर आलंच असेल. पुढे पाच माणसांची केबिन, मागे उघडा डाला, रंग गडद निळा. हिंगण्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं मेंटेनन्सचा फोरमन म्हणून दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली, तेव्हा आपलं स्वतःचं एक मोठं यंत्र असावं, एवढीच इच्छा होती. चारुशीलेने गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "आता या वयात तुम्ही संत्री विकाले जानार हा का?" मी तिला समजावलं की ही धंद्याची नाही, पर्सनल गाडी आहे. त्यावर ती म्हणाली, मग मागच्या डाल्यात कोणाला बसवणार, माझ्या माहेरच्यांना? मी फडकं काढून आरसा पुसायला घेतला.

पहिले आठ महिने मी ती गाडी चालवली नाही, नुसती सांभाळली. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक तसंच ठेवलं, त्यावर कव्हर चढवलं, कव्हर मळू नये म्हणून त्यावर टॉवेल. खाली रबरी मॅट, मॅटवर वर्तमानपत्र. (चारुशीला म्हणते, ती गाडीत बसली की पायाखाली रोज त्याच त्या बातम्या येतात.) मग विक्कीने साऱ्या अंगावर पारदर्शक फिल्म चिकटवून दिली. हा विक्की दोन नातवंडांचा आजोबा आहे, पण गाड्या सजवायच्या धंद्यात माणसाचं नाव मोठं होत नाही. तो म्हणाला, "काका, आता कोनी खिळ्यानं ओरखडा मारला तरी रंगाले पताच नाही लागनार." आठवड्यात ओरखडा पडला. रंगाला खरंच पत्ता लागला नाही, मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून शेजाऱ्याच्या सल्ल्याने बोनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवली, तर उंदरांनी आधी वायर खाल्ली आणि वरून तंबाखू घेतला. उंदरांपेक्षा शेजारी अवघड. डाला दिसला की लोकांना आपला सोफा आठवतो. एकाने तर माझी गाडी गृहीत धरून घर बदलायचं ठरवलं. तेव्हा डाल्यावर कुलपाचं झाकण बसवून घेतलं आणि किल्ली हरवली असं जाहीर केलं. ती पुढे खरोखरच हरवली, ते सोड.

पण केशव, ही गाडी मी नुसती मिरवायला घेतलेली नाही, हे आज तुला सांगतो. मला आईला मावशीकडे आणायचं होतं. सहा वर्षं झाली दोघी बहिणी एकमेकींना भेटल्या नाहीत. वाडी ते कळमेश्वर बावीस किलोमीटर. मधे ना नदी ना डोंगर. मी सहावी ते आठवी तुमच्याकडे राहून शिकलो, मावशीच्या हातचं खाऊन वाढलो, आणि आता माझ्याच घरात तिचं नाव काढलं की आई पंख्याकडे बघते. एक ब्याऐंशीची, दुसरी अठ्ठ्याहत्तरची. मला भीती वाटते रे. हे फोरमनला शोभत नाही, पण वाटते.

दर वेळी मी चल म्हटलं की आई म्हणायची, "मले गाडी लागते गा." आता यंत्र अडलं की दोष यंत्रात शोधायचा, हा माझा चौतीस वर्षांचा धर्म. मी रजिस्टर काढलं. तारीख, तक्रार, कारण, उपाय. पहिली तक्रार आली की गाडी उंच आहे, पाय वर जात नाही. हिंगण्याच्या जुन्या वेल्डरकडून घडीची पायरी करून घेतली. पहिली इतकी खाली आली की स्पीडब्रेकरला आपटून घडीची घडीच राहिली, दुसरी नीट बसली. आईने तीवर पाय ठेवून पाहिला आणि म्हणाली, पायरी ठीक हाय, पन आतमंदी प्लास्टिकचा वास येते. केशव, मी ते प्लास्टिक स्वतःच्या हाताने फाडलं. कव्हर काढलं, टॉवेल काढला. चारुशीला दारात उभी राहून बघत होती, तिला वाटलं माझी तब्येत बिघडली. वास गेला, तर तिसरी तक्रार आली. एसी लावला की आईचे सांधे धरतात, काचा बंद केल्या की जीव गुदमरतो, आणि काचा उघडल्या तर हे असलं पंचेचाळीस डिग्रीचं वारं. "मले आपला कूलरच बरा," असं म्हणून ती कूलरसमोर जाऊन बसली.

तिथे मला सुचलं. कूलरला काय लागतं? उघडी खिडकी. आईला काय लागतं? उघडी खिडकी. एवढी सरळ गोष्ट मोटारीच्या कारखान्यांना आजवर कळली नाही, कारण त्यांच्यात नागपूरचा माणूस नसावा. मी झाकणाचं कुलूप तोडलं, घरातला मोठा लोखंडी कूलर डाल्यात केबिनकडे तोंड करून बोल्टने आवळला, केबिनची मागची सरकती काच उघडून तिथपर्यंत कॅनव्हासचा बोगदा शिवून घेतला आणि करंटसाठी घरातला इन्व्हर्टर उचलून नेला. (त्याच दुपारी आमच्याकडे दोन तास लाइट गेली. घरात ना कूलर, ना इन्व्हर्टर. चारुशीला माझ्या रजिस्टरने वारा घेत बसली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.) टाकी छोटी वाटली म्हणून जोडीला दुसरी बसवली, सगळे सांधे सील केले. आता थेंब गळत नाही. विक्कीने पाहून हात जोडले. म्हणाला, "काका, आपन गाडीच्या दुनियेत लई काही लावलं, पन कूलरच्या वाळ्याच्या ताट्या नव्हत्या लावल्या."

पहिल्या चाचणीला मी एकटाच अमरावती रोडला निघालो. मागच्या सीटवर आईच्या वजनाची गव्हाची पोती ठेवली होती. एका सिग्नलला थांबलो आणि कॅनव्हासचा बोगदा सुटला. सगळा गारवा केबिनच्या मागच्या काचेला आपटून दोन्ही बाजूंनी बाहेर पडू लागला. मला कळलंच नाही. मी पाहतो तर डावीकडे आठ मोटारसायकली, उजवीकडे सहा, सगळ्यांचे दुपट्टे सैल झालेले, डोळे मिटलेले. सिग्नल हिरवा झाला, कोणी हलेना. पुन्हा लाल झाला, आणखी माणसं आली. मागून ट्रकवाले हॉर्न देऊ लागले, तेव्हा ट्रॅफिकचा हवालदार तावातावाने आला आणि माझ्या दाराशी येईपर्यंत त्याचा चेहरा पालटला. म्हणाला, "काका, ये कौनसे कलम में बैठता है, मेरे को थोडा सोचना पडेंगा." तो विचार करत दोन सिग्नल तिथेच उभा राहिला. शेवटी म्हणाला, काही सुचत नाही, पण रोज याच वेळेला येता का? मी तिथून निघालो तेव्हा चार मोटारसायकली पार दाभ्याच्या वळणापर्यंत माझ्या बाजूने आल्या. त्यातल्या एकाला जायचं होतं दुसरीकडेच.

बोगदा पक्का केला, घरी आलो, विजयी मुद्रेने आईला म्हटलं, आता काय अडचण आहे ते सांग. आईने दारातून गाडीकडे एकदा पाहिलं. मग म्हणाली, गाडीचा रंग लई गडद हाय. मी रजिस्टर उघडून 'रंग' लिहायला घेतलं, तेव्हा चारुशीलेने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. "अहो, तुमच्या आईले गाडी लागत नाही. मागच्या साली बसमंदी मागच्या सीटवर बसून अमरावतीले गेल्या, सारा रस्ता चिवडा खाल्ला. त्याहिले मावशीचं बोलावनं लागते. तुम्ही कायले पाने घेऊन फिरून राहिले?" घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. विक्कीलासुद्धा ठाऊक होतं, त्याला चारुशीलेने सांगितलं होतं.

तुमच्याकडच्या सहा वर्षांपूर्वीच्या त्या आमरसाच्या जेवणाची गोष्ट मी विसरलोच होतो. आईने पहाटे उठून, काडीवर कणीक वळून रसासोबतचे सरगुंडे केले होते, आणि मावशीने भरल्या पंगतीत विचारलं, "अक्का, हे सरगुंडे हाय का कागद चिकटवाची खळ?" पंगत हसली. (मीही हसलो होतो. तू तर जास्तच.) आई अर्ध्या ताटावरून उठली, आता देवकी बोलवन तवाच येईन म्हणाली. आणि मावशीचं म्हणणं काय, तर मोठी हाय ते, तिनं आपलं घर समजून याव, बोलावनं कायचं? दोघींचंही बरोबर आहे, हीच अडचण. मावशीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं त्या दिवशी आई सकाळपासून फोनच्या शेजारी बसली होती. जेवली नाही. मी म्हटलं, लाव ना फोन. म्हणाली, मी सहजच बसली. संध्याकाळी तुझा फोन आला, मी सगळं नीट झालं म्हणालो, तेव्हा ती उठून देवापाशी गेली आणि बराच वेळ आली नाही. असल्या गोष्टीला कोणता पाना लावायचा, तूच सांग.

तरीपण मी निराश नाही. कारण परवा आई आपण होऊन म्हणाली की येत्या रविवारी तिला आदाशाच्या गणपतीला जायचं आहे, आणि याच गाडीतून जायचं आहे. मी आनंदाने म्हटलं, रस्ता कळमेश्वरहूनच आहे, वाटेत मावशीकडे… तर म्हणाली, "मी देवाले जाऊन राहिली, कोनाच्या घरी नाही." बरं, हेही थोडं नाही. सहा वर्षांत ती प्रथमच तुमच्या गावाच्या दिशेने निघते आहे. तुझ्या दारावरून जाताना हॉर्न देईन.

लहानांना आशीर्वाद, मावशीला साष्टांग नमस्कार (पत्र आलं हे मात्र तिला सांगू नकोस, म्हणजे नमस्कार तुझ्याकडेच ठेव). ऊन उतरेपर्यंत बाहेर पडत जाऊ नकोस.

तुझा,
गणपतदादा

ता. क. : खरं काम इथे लिहितो. काल चहा पिताना आईने सहज विचारलं, "गनपत, त्या कूलरमंदी पानी किती वेळ पुरते गा?" मी छाती फुगवून सांगितलं, दोन टाक्या आहेत, आदाशाला जाऊन घरी येईपर्यंत थेंबभर पाणी घालावं लागणार नाही. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, तिला कमी ऐकू आलं, म्हणून मी तेच पुन्हा मोठ्याने सांगितलं. ती कप ठेवून उठून गेली. रात्री चारुशीलेने मला समजावून सांगितलं, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. पाणी संपलं तर गाडी थांबवावी लागते. कळमेश्वरात संपलं तर ओळखीच्याच घरी मागावं लागतं. पाणी मागायला कोणाच्या बोलावण्याची गरज नसते, आणि दारात आलेल्याला पाणी देताना मोठं कोण, धाकटं कोण, हे कोणी पाहत नाही. तेव्हा रविवारी अकराच्या सुमाराला फाटक उघडं ठेव. नळी लावून ठेव, पण लावून ठेवल्यासारखी दिसू देऊ नकोस. मावशीला त्या वेळी अंगणात काहीतरी निवडायला बसव. मी आलो की तू दचकायचं. (तुला दचकता येत नाही, शाळेच्या नाटकात मी पाहिलं आहे. दोन दिवस आहेत, सराव कर.)

ता. क. दोन : दुसरी टाकी काढून ठेवली. पण हिशेब केला तर एकट्या टाकीचं पाणीही आदाशापर्यंत पुरतंय. ज्या गाडीला मी आठ महिने धूळ लागू दिली नाही, तिच्या टाकीला आज दुपारी ड्रिल घेऊन माझ्याच हाताने भोक पाडलं. दोन मिलिमीटरचं. खाली बादली लावून घड्याळ घेऊन बसलो आहे, हेही तिथेच बसून लिहितो.

ता. क. तीन : पत्र बंद करत होतो तेवढ्यात हे घडलं म्हणून लिहितो. मी बादलीजवळ बसलेला असताना आई त्या उन्हात डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. मी घाईने म्हटलं, "काही नाही वं आई, टाकी साफ करून राहिलो." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वाकून त्या भोकाकडे पाहिलं, बादलीत पडणारे थेंब थोडा वेळ मोजले आणि म्हणाली, "एवढ्याशानं का होते गा? कळमेश्वर पार होऊन जाईन. मोठं पाड."