कागदाची वरची चार बोटं

४ मार्च

ती. ताईस,
आधी साष्टांग नमस्कार घे. पुढचं वाचून घ्यावासा वाटणार नाही.

तू सही करून पाठवलेलं, दुकान माझ्या नावे करणारं बक्षीसपत्र नोंदणी कार्यालयाने परवा परत केलं. चूक माझी आहे. दोन दिवस पेन हातात धरून नुसता बसलोय. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही.

कागद आला तेव्हा त्याला घड्या पडल्या होत्या. खिडकीपर्यंत नेताना फाटला तर काय, या काळजीने मला झोप येईना. म्हणून सेहेचाळीस वर्षं या फ्रेमच्या दुकानात लोकांच्या कागदांचं जे करतो तेच केलं. खळ लावून तो पुठ्ठ्यावर चिकटवला. वर चार बोटं जागा कोरी सोडली होती, खाली मात्र दोनच. चौकटीत ते वाकडं दिसत होतं. पट्टी धरून वरचं कातरलं, काच बसवली, कडेला बारीक काळी पट्टी लावली. इतका देखणा दिसत होता, काय सांगू.

खिडकीवरच्या बाईंनी फ्रेम उलटीसुलटी करून पाहिली आणि आजोबा, हे नोंदवायचंय की भिंतीवर लावायचंय, असं विचारलं. मागची रांग हसली. ती कोरी जागा त्यांच्या शिक्क्यासाठी आणि नोंदीच्या क्रमांकासाठी असते म्हणे. कातरलेली पट्टी माझ्या खिशातच होती, जोडून देतो म्हणालो. जोडलेला कागद आम्ही घेत नाही, म्हणाल्या. घरी येऊन पुठ्ठ्यावरून सोडवायला गेलो, तर तुझी अर्धी सही पुठ्ठ्यालाच राहिली.

आता नवा कागद, नवी सही. आणि चौदा तारखेला तुझं हृदयाचं ऑपरेशन. वकिलांनी स्पष्ट सांगितलं की त्याआधी सही झाली नाही आणि तुला काही बरंवाईट झालं, तर दुकान आणि वरची खोली तुझ्या मुलाची. मी हे काय लिहितोय? पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. गेल्या वर्षी आला तेव्हा त्याने टेप लावून माझा जिना मोजला होता. जिना कशाला मोजतो माणूस? दुकान विकायचं असेल म्हणूनच ना?

वकिलांनी नवा मसुदा कुरिअरने तुझ्याकडे पाठवलाय. वाचून फाडू नकोस, मलाही आणि कागदालाही.

तुझ्या पायाशी जागा मागणारा,
धाकटा

७ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आहेत, पण आज थोडे राखून ठेवले आहेत.

पत्र वाचून इतकी हसले की नर्स नाडी बघायला धावली. हो, नर्स. डॉक्टरांनी तारीख अलीकडे आणली, अकराला सकाळी ऑपरेशन. कालच दाखल झाले. लहानपणी माझ्या प्रगतिपुस्तकाच्या कडा वेड्यावाकड्या आहेत म्हणून तू कातरल्या होत्यास, आठवतं? त्यात गणिताचे गुण गेले. तेव्हा माझं भलंच झालं होतं. या खेपेला तसं नाही.

मसुदा अजून पोचलेला नाही. कुरिअर घरी येईल आणि घराला कुलूप. म्हणून मुलाला सांगितलंय की रजा काढ, घरी थांब, कागद आला की नोटरीला घेऊन वॉर्डात ये. सही झाली की तोच तुझ्याकडे आणून देईल. त्याला सगळं सांगितलंय, तुझ्या कात्रीसकट.

जेवत जा. रागावले आहे असं समज, म्हणजे तुला बरं वाटेल.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
नमस्कार घाईत करतोय.

त्याच्या हाती दिलंस? ज्याला कागद हरवण्यात फायदा, त्याच्याच हाती? तुझं लेकरू आहे, वाईट बोलवत नाही, पण मी त्याला ओळखत नाही ताई. मामा म्हणून दोनदा वाकला असेल, तेवढंच. नर्सला सांग, शेजारणीला सांग, कुणालाही दे. दुकान गेलं तर मी कुठे बसू? मी चौथी नापास, म्हणून बाबांनी ते तुझ्या नावावर केलं. तेव्हा राग आला नाही. आता मात्र वाटतं, चौथी पास झालो असतो तर कोरी जागा कोरी का असते ते कळलं असतं.

हे पत्र तुला वेळेत मिळणार नाही, ते कळतंय. तरी टाकतो.

घाबरट भाऊ

११ मार्च, नोंदणी कार्यालयाचं बाक

ती. ताईस,
या वेळी तू ऑपरेशनच्या टेबलावर असशील. नमस्कार तिथेच पोचो.

तुझा लेक सकाळी दहाला आला. डोळे लाल, दाढी वाढलेली. तुझी सही काल संध्याकाळी झाली आणि तू त्याला बळेच इकडे पिटाळलंस, म्हणाला. आई आत, आणि तो माझ्यासोबत रांगेत. मी फाइल मागितली. दिली नाही. मामा, तुम्ही फक्त बघायचं, हात लावायचा नाही, असं आईने बजावलंय, म्हणाला. खिडकीवरच्या बाईंनी मला ओळखलं आणि आज काच कुठंय म्हणून विचारलं. मग त्या चार बोटांत शिक्का मारला, क्रमांक घातला. धप्प असा आवाज झाला. मी तिथेच बसलो.

जिन्याचंही मी विचारलं. न राहवून. तो म्हणाला, तुम्ही गेल्या वर्षी दोनदा घसरलात ते आईने सांगितलं होतं. कठडा करून घ्यायचा होता, पण मामा वैतागतील म्हणून बोललो नाही. ताई, मी काय काय लिहून ठेवलंय! नऊ तारखेचं पत्र आलं तर उघडू नकोस.

तो सारखा फोन बघतोय. वाजत नाही. दुकान माझं झालं, आणि मला काही वाटत नाहीये. तू कळव. कुणाच्याही हाताने नको, तुझ्या हाताने.

धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, राखून ठेवलेले धरून सगळे.

अक्षर वाकडं आहे, कडा कातरू नकोस. नऊचं पत्र वाचलं, मोठ्याने, त्याच्यासमोर. तो हसला, मग उठून खिडकीपाशी गेला. कठड्याचं माप त्याच्याकडे अजून आहे. पुढच्या रविवारी येतोय, त्याला जेवू घाल.

नोंदलेला कागद कार्यालय टपालाने परत पाठवेल. त्याने पत्ता स्वतःचा दिलाय, ते बरंच झालं. तुझ्याकडे एक रिकामी चौकट पडलीय ना, काळ्या पट्टीची? तिच्यात माझा फोटो बसवायची घाई करू नकोस. अजून वेळ आहे.

ताई